मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन गिब रिव्हर रोडवर कॅरव्हॅन न्यावी का?

गावठाण

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲडलेडला राहतो. जुलैमधली शाळेची सुट्टी आणि तिला जोडून माझी साठलेली रजा, असे साडेपाच आठवडे हातात आहेत. साताऱ्याहून आई-बाबा येतायत (वय ६४ आणि ७०, आईचे गुडघे कुरकुरतात, बाबांना इन्सुलिन). आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि ते दोघं असे पाच जण. गाडी २०१८ ची प्राडो १५०. मागे २१ फुटी, दोन ॲक्सलची कॅरव्हॅन, सेकंडहँड घेतलेली. विकणाऱ्याने 'पूर्ण ऑफरोड' म्हणून दिली.

बेत असा आहे: स्टुअर्ट हायवेने ॲलिस स्प्रिंग्ज, कॅथरिन, तिथून पश्चिमेला कुनूनुरा, आणि मग गिब रिव्हर रोडने डर्बी. साधारण ६६० किमी, त्यातला बराचसा कच्चा. तिथून ब्रूम. परतीचा प्रवास डांबरी रस्त्याने.

गिबबद्दल थोडं, म्हणजे माहीत नसलेल्यांना अंदाज येईल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातला हा रस्ता मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी केलेला. पावसाळ्यात बंद असतो, साधारण मे ते ऑक्टोबर चालू. वाटेत पेंटेकोस्ट नदी गाडीनेच पाण्यातून ओलांडायची. एरवी ओढा ओलांडायचा तर आधी पायी उतरून खोली बघतात, पण इथे उतरायचं नाही. पाण्यात मगरी आहेत, त्याही खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या.

आता खरी अडचण. मागच्या सप्टेंबरमध्ये रंगीत तालीम म्हणून आम्ही तिघं उडनादत्ता ट्रॅकवर गेलो होतो. मारीपासून विल्यम क्रीकपर्यंतचा दोनशे किमीचा तुकडा, तेवढाच. हा रस्ता जुन्या घॅन रेल्वेच्या बाजूने जातो. पडके पूल, ओसाड स्टेशनं, आणि क्षितिजावर मीठच मीठ. फार सुंदर. पण रस्ता म्हणजे पन्हळी पत्रा अंथरून ठेवल्यासारखा. सत्तरच्या वेगाने दोन तास खडखडत कॉवर्ड स्प्रिंग्जला पोचलो आणि कॅरव्हॅनचं दार उघडलं.

मिसळणाच्या डब्याचं झाकण निघालं होतं. हळद, तिखट आणि बाहेरून शिरलेली लाल धूळ यांचं जे काही मिश्रण झालं होतं ते गादीवर, उशांवर, लेकीच्या टेडीवर एकसारखं पसरलं होतं. सिंकखालचा पाण्याचा सांधा सुटून त्यावर शिंपण झालेलं. पिवळ्या चिखलात पाय ठेवून बायको म्हणाली, "हळदीचा कार्यक्रम झाला, आता लग्न कुणाचं ते सांग." दुसऱ्या दिवशी खाली वाकून बघितलं तर एका शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्टच गायब.

शेजारच्या तंबूतले एक म्हातारे गृहस्थ येऊन काही न बोलता टायर दाबून गेले. मग म्हणाले, हवा किती? मी म्हटलं ४५. ते नुसते हसले.

तर प्रश्न:

१. हवा कमी ठेवली आणि बोल्ट रोज तपासले तर ही कॅरव्हॅन गिब पार करेल का? की कुनूनुरात ठेवून तंबू घेऊन जावं?

२. तंबूत झोपायचं तर आईला जमिनीवरून उठणं कठीण. खाटा न्याव्या तर छतावर आणखी ओझं.

३. जेवणाचं काय काय सोबत घ्यावं? आम्ही घरचंच खातो.

गाडीची ओढायची क्षमता ३००० किलो आहे, कॅरव्हॅन भरून २७०० च्या आसपास. म्हणजे वजनाचा प्रश्न नाही.

---

सुकटबोंबील

वाखुसा (वाचनखूण साठवली). हळदीचा किस्सा भारी.

४५ पीएसआय? आमच्या अख्ख्या तालुक्यात एवढे फौजदार नव्हते. (ह.घ्या.)

---

पर्थचा पाव्हणा

धागा काढलात ते बरं केलंत. मी दोनदा गिब केला आहे, एकदा साध्या गाडीने आणि एकदा लहान, एका ॲक्सलचा ट्रेलर घेऊन.

हवेचं आधी सांगतो, कारण तिथेच अर्धी भांडणं मिटतात. खडी लागली की गाडी थांबवायची आणि सगळ्या चाकांची हवा उतरवायची, कॅरव्हॅनच्या चाकांचीसुद्धा. लोक गाडीची उतरवतात आणि मागचं विसरतात. माझी गाडी २८ ला असते, ट्रेलर २५ ला. तुमची कॅरव्हॅन जड आहे म्हणून थोडी जास्त, पण तिशीच्या आत-बाहेर. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडावरून वाकून जातो, धक्का स्वतः खातो. नाहीतर तो धक्का तुमच्या स्प्रिंगला, बोल्टला आणि मिसळणाच्या डब्याला जातो. मात्र हवा कमी तर वेगही कमी, नाहीतर टायर तापून फुटतो. ६० च्या वर जाऊ नका आणि डांबर लागलं की लगेच परत भरा. चांगला कॉम्प्रेसर घ्या, स्वस्तातला चौथ्या चाकाला दम टाकतो.

शॉकॲब्सॉर्बरही त्याच कारणाने गेला. पन्हळीवर तो सतत वरखाली होतो आणि आतलं तेल उकळायला येतं. अर्ध्या तासाने थांबून हात जवळ नेऊन बघायचा. चाकाच्या मधल्या भागालाही तसाच हात लावून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक.

'पूर्ण ऑफरोड' या शब्दाला कायद्याने काही अर्थ नाही. विकणारा काहीही चिकटवतो. कंपनीच्या वॉरंटीच्या कागदात कुठल्या रस्त्यावर चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि गाडी-कॅरव्हॅनमधला जोड बघा. साधा ५० मिलिमीटरचा गोळा असेल तर तो ओढ्यात गाडी एका बाजूला आणि कॅरव्हॅन दुसऱ्या बाजूला कलंडली की अडतो. सगळीकडे फिरणारा जोड हवा.

धुळीसाठी: छतावरची पुढे तोंड असलेली झडप थोडी उघडी ठेवा. वाऱ्याने आत दाब तयार होतो आणि फटींतून धूळ कमी शिरते. दाराच्या खालच्या फटीला आतून चिकटपट्टी.

---

गुळांबा

मी मेलबर्नची. खाण्याचं मी सांगते, बाकीचं तुम्ही पुरुषमंडळी सांगा. (गाडी मीच चालवते, पण असो.)

नॉर्दर्न टेरिटरीतून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना कुनूनुराच्या अलीकडे तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. मध अगदी उघडलेली बाटली असली तरी. आमची कढीपत्त्याची जुडी, लिंबं, आल्याचा मोठा तुकडा, सगळं त्यांच्या पिंपात गेलं. माणूस सौजन्याने बोलत होता, तरी कढीपत्ता टाकताना जीव तुटला. म्हणून कॅथरिनमध्ये फार भाजी भरू नका, कुनूनुरात भरा. भाजणी, मेतकूट, चटण्या, रव्याचा चिवडा, हे सगळं न्या. मसाले स्क्रूच्या झाकणाच्या बरण्यांत, आणि बरण्या टॉवेलात गुंडाळून. मिसळणाचा डबा घरी!

कुकर नक्की न्या, डाळ-भात गॅस कमी खातो. पण शिट्टी झाली की आख्खा कॅम्प वळून बघतो.

बाबांच्या इन्सुलिनसाठी फक्त कॅरव्हॅनच्या फ्रीजवर विसंबू नका. आमचा फ्रीज खडखडाटाने बंद पडला आणि संध्याकाळपर्यंत कळलंच नाही. गाडीत दुसरा छोटा फ्रीज ठेवा आणि औषध दोन ठिकाणी विभागून ठेवा. आणि आई-बाबांच्या प्रवास विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का ते छापील कागदावर बघा. भारतातून येणाऱ्यांना मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) लागू नाही. फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ पासून आहे आणि अप्रतिम आहे, पण तिला बोलवायला आधी संपर्क लागतो. मोबाइल तिथे शोभेची वस्तू. पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र) घ्या आणि नोंदणी करा, नोंदणी फुकट आहे.

---

चौकस

धागाकर्ते, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. "म्हणजे वजनाचा प्रश्न नाही."

आहे. आणि तो कॅरव्हॅनचा नाही, गाडीचा आहे.

३००० किलो म्हणजे गाडी मागे किती ओढेल ते. गाडीच्या स्वतःच्या चार चाकांवर किती वजन चालेल तो आकडा वेगळा, त्याला जीव्हीएम म्हणतात. तुमच्या प्राडोचा २९९० असावा, दाराजवळच्या पट्टीवर छापलेला आहे. त्यात गाडी, माणसं, डिझेल, सामान तर येतंच, पण कॅरव्हॅनचं पुढचं टोक गोळ्यावर जे दाबतं तेही येतं. २७०० च्या कॅरव्हॅनचं ते सव्वादोनशे-अडीचशे किलो असतं. म्हणजे डिकीत तीन माणसं कायमची बसवल्यासारखं. आता त्यात तुमच्या पाच जणांना मिळवा. पुढचा लोखंडी गार्ड, ड्रॉवर, फ्रीज, छतावरचं जाळं?

कॅरव्हॅनवर एटीएम असा आकडा असतो, म्हणजे भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाची कमाल मर्यादा (पैसे निघत नाहीत, उलट जातात). तोही बघा. पण आधी वजनकाट्यावर जा. सगळे बसून, टाक्या भरून, जोडलेल्या अवस्थेत. ऊस घालणाऱ्याच्या मुलाला काट्याचं महत्त्व मी काय सांगावं.

अपघात झाला आणि वजन जास्त निघालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. तोपर्यंत गिब वगैरे गप्पा.

---

गावठाण

चौकस, तुम्ही माझी झोप घालवलीत.

काल सगळ्यांना बसवून काट्यावर गेलो. आई-बाबा अजून आलेले नाहीत, म्हणून शेजारचं जोडपं बसवलं. साधारण तेवढ्याच वजनाचं. त्यांना वाटलं पिकनिक आहे.

गाडी रिकामी २३२५. गार्ड, ड्रॉवर, फ्रीज, दुसरी बॅटरी, छतावरचं जाळं आणि एक जादा स्टेपनी मिळून २३० ची भर. पाच माणसं ३१२. गोळ्यावरचं २४०. काट्याने दाखवलं ३११०. म्हणजे १२० किलो जास्त, आणि यात अजून एकही पिशवी नाही. कॅरव्हॅन मात्र मर्यादेत, २६९० भरली. ज्या बाजूची मला काळजी होती ती ठीक, आणि जिच्यावर भरवसा होता ती गाडीच ओझ्याने वाकलेली.

काट्यावरचा माणूस म्हणाला, रोज बघतो असे.

स्प्रिंग बदलून जीव्हीएम वाढवून घेता येतो असं वाचलं. करावं का?

---

पर्थचा पाव्हणा

करता येतं, कायदेशीर मार्ग आहे, प्रमाणपत्र मिळतं. पण स्प्रिंग वाढवली म्हणून ब्रेक, ॲक्सल, इंजिन वाढत नाहीत. गाडी आणि कॅरव्हॅन मिळून किती, तोही एक आकडा असतो आणि तो बहुतेक वेळा तसाच राहतो. माझं मत, पाच माणसं आणि गिब यांसाठी नको.

दुसरं. परतीच्या डांबरी रस्त्यावर बंगल बंगल लागेल, पुर्नुलुलु नॅशनल पार्क. तिथे हायवेपासून आत ५३ किमी वाईट रस्ता आहे आणि दोन ॲक्सलची कॅरव्हॅन नेताच येत नाही. ती हायवेजवळ ठेवून जायचं असतं. गिबवर अशी बंदी नाही, पण कल्पना तीच वापरा.

सरळ सांगतो. कॅरव्हॅन घेऊन ग्रेट नॉर्दर्न हायवेने हॉल्स क्रीक, फिट्झरॉय क्रॉसिंग करत डर्बीला जा. सगळं डांबर. फिट्झरॉयचा पूल जानेवारी २०२३ च्या पुरात गेला होता, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा झाला. डर्बीत कॅरव्हॅन सोडा, गोळ्यावरचे २४० किलो तिथेच उतरले. मग पश्चिमेकडून गिबवर शिरा. विंजाना घळ दीडशे किमीच्या आत. पुढे गॅल्व्हन्स घळ, रस्त्यापासून पायी एखादा किलोमीटर, आई सावकाश येतील. बेल घळीत मात्र दगडांवरून उतरावं लागतं, तिथे एकाने आईंजवळ थांबा. रात्री एखाद्या स्टेशनवर (म्हणजे गुरं पाळायची मोठी शेतवाडी, रेल्वेचं नव्हे) पलंग असलेले कायमचे तंबू भाड्याने मिळतात. महाग आहेत. जुलैसाठी आजच फोन करा.

पेंटेकोस्ट राहील. राहू दे.

---

गुळांबा

+१. आणि रेडिओ. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात, कॅरव्हॅनवाले १८ वर. समोरून धुळीचा लोट आला की डावीकडे घेऊन थांबा. त्यामागे ५३ मीटरची रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) असू शकते.

---

गावठाण

सर्वांचे आभार. रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून बदललेला बेत सांगितला. बाबांना पेंटेकोस्ट हुकल्याचं वाईट वाटलं, मगर बघायची होती. मी म्हटलं विंजानात आहेत, गोड्या पाण्यातल्या, लहान. ते म्हणाले, लहान कशाला दाखवतोस.

आईने विचारलं, पलंग आहे ना? आहे म्हटल्यावर तिने पुढचं ऐकलंच नाही.

ड्रॉवर आणि जादा स्टेपनी काढली, कॅरव्हॅनच्या पाण्याच्या टाक्या डांबरी रस्त्यावर अर्ध्याच भरणार, पुढची टाकी रिकामी. गोळ्यावरचं वजन त्याने किती उतरतं ते शनिवारी पुन्हा काट्यावर बघतो. तरी मर्यादेत बसलं नाही तर आई-बाबांना विमानाने ब्रूमला बोलवून तिथून डर्बीला आणायचं, असं बायकोने आधीच ठरवून टाकलंय.

आता एवढंच उरलं: डर्बीत तीन रात्री रिकामी कॅरव्हॅन सुरक्षित ठेवता येईल अशा ठिकाणी कुणी ठेवली आहे का? आणि ठेवताना गॅसचे सिलेंडर उतरवून द्यावे लागतात का?