शिपायांमध्ये नामदेव जाधवही
युद्धातली शौर्यपदकं अधिकाऱ्यांच्याच वाट्याला येतात, असं मत एका चर्चेत वाचलं, ते पटलं नाही. तिथे दुसऱ्या महायुद्धातले शूर सैनिक यशवंत घाडगे यांचा उल्लेख आलाय, पण त्यांच्याच मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटचे नामदेव जाधव राहिले. हुद्दा साधा शिपाई, काम कंपनीचे निरोप पोचवण्याचं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना सोबतचे बहुतेक जण पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, कारण तेव्हा त्यांच्यावर गोळीबार चालूच होता.

मग एकटेच मशीनगनच्या मोर्च्यांवर गेले. हात जखमी होऊन टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) चालेना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. मोर्चे गप्प झाल्यावर बांधावर उभं राहून युद्धघोष देत मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.