दूरच्या दीर्घिकांभोवतीचा विरळ वायू: शोषणरेषा कोणत्या दीर्घिकेची, हे कसे ठरते?

मृगशीर्ष:
दीर्घिकेच्या उजळ भागाबाहेर लाखो प्रकाशवर्षे पसरलेला अतिविरळ वायू तिच्यामागच्या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) वर्णपटातील शोषणरेषांवरून, म्हणजे वायूने ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषल्याने उमटलेल्या काळ्या रेषांवरून ओळखतात, एवढे वाचनातून समजले. परंतु क्वेसारचा प्रकाश अब्जावधी वर्षे प्रवास करून येतो आणि वाटेत त्याला कितीतरी ढग लागतात. मग एखादी रेषा अमुक दीर्घिकेभोवतीच्या वायूमुळेच उमटली, हे कशावरून ठरवतात? आणि या वायूचे सरळ छायाचित्र का घेत नाहीत?

शततारका:
हा निर्णय ताम्रसृतीवरून, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली यावरून होतो; ढग जितका दूर, तितकी ती जास्त. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरला असते, ०.२ ताम्रसृतीच्या ढगात उमटलेली तीच रेषा आपल्याला सुमारे १४६ नॅनोमीटरला दिसते, तर ३ ताम्रसृतीच्या ढगातली ४८६ नॅनोमीटरला, म्हणजे दृश्य प्रकाशात. त्यामुळे वाटेतले ढग वर्णपटात आपोआप वेगळे होतात. मॅग्नेशियमची जोडरेषा (२७९.६ आणि २८०.४ नॅनोमीटर) तर दोन रेषांमधल्या ठरावीक अंतरामुळे लगेच ओळखू येते. त्यानंतर क्वेसारच्या आसपास दिसणाऱ्या दीर्घिकांचे वर्णपट घेऊन कोणाची ताम्रसृती ढगाशी जुळते ते पाहतात. या रेषा दीर्घिकांच्या विस्तीर्ण प्रभामंडलांतून (दीर्घिकेला वेढणाऱ्या विरळ वायूच्या आवरणातून) येत असाव्यात, ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ जॉन बाहकॉल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९६९ मध्येच मांडली होती.

अनुराधा:
वरील उत्तर बरोबर आहे, पण ताम्रसृती जुळली म्हणजे जागा जुळलीच, असे मानू नये. दीर्घिका आणि ढग यांच्या वेगांत सेकंदाला ३०० किलोमीटरचा फरक दिसला, तर तो दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या वायूचा असू शकतो. किंवा ढग आपल्या दृष्टिरेषेत तिच्यापुढे वा मागे सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर असल्याने केवळ विश्वाच्या प्रसरणातूनही तेवढाच फरक येऊ शकतो. एकट्या वर्णपटावरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. शिवाय मोठ्या दीर्घिकेजवळची अंधूक, लहान दीर्घिका नजरेतून सुटते आणि तिचा वायू मोठीच्या नावावर जमा होतो. माझ्या मते या विषयातली खरी अडचण हीच आहे.

छायाचित्राबद्दल: शोषण हे दृष्टिरेषेतल्या अणूंच्या एकूण संख्येवर अवलंबून असते, तर उत्सर्जन (वायूने स्वतः सोडलेला प्रकाश) साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने विरळ वायूत ते फारच क्षीण होते. त्यात ३ ताम्रसृतीला प्रसरणामुळे पृष्ठतेजस्विता (आकाशाच्या ठरावीक क्षेत्रातून येणारा प्रकाश) (१+३)⁴ म्हणजे २५६ पटींनी घटते. तरीही चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीवरचे म्यूस आणि हवाईतील केक दुर्बिणीवरचे केसीडब्ल्यूआय ही उपकरणे चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट घेतात आणि त्यांतून लायमन-अल्फाची तेजोवलये आता दिसू लागली आहेत.

मृगशीर्ष:
एका दीर्घिकेमागे बहुधा एकच क्वेसार सापडत असेल, तर संपूर्ण प्रभामंडलाविषयी निष्कर्ष कसा काढतात?

शततारका:
पुष्कळ दीर्घिका एकत्र घेऊन. कोणात क्वेसारची दृष्टिरेषा केंद्राजवळून जाते, कोणात बरीच लांबून. त्यावरून केंद्रापासूनच्या अंतरानुसार वायू कसा बदलतो याचे सरासरी चित्र तयार होते. हबल दुर्बिणीवर २००९ मध्ये बसवलेल्या कॉस या अतिनील वर्णपटमापकाने ४४ दीर्घिकांचा असा अभ्यास झाला. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांभोवती जवळपास सर्वत्र आढळला, तर तारानिर्मिती थांबलेल्या दीर्घिकांभोवती क्वचितच. देवयानी दीर्घिका आकाशात एवढी मोठी दिसते की तिच्या एकटीच्या प्रभामंडलासाठी ४३ क्वेसार वापरता आले, परंतु दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ही सोय नाही.

अनुराधा:
मात्र सरासरी काढली की वायूचे तुकडे किती लहान आहेत हे कळत नाही. त्यासाठी गुरुत्वीय भिंगामुळे (मधल्या प्रचंड वस्तुमानाने प्रकाश वाकवल्यामुळे) ताणलेल्या पार्श्वभूमीच्या दीर्घिकेचा लांबट कंस उपयोगी पडतो, कारण त्याच्यावरील वेगवेगळ्या बिंदूंतून एकाच प्रभामंडलाचे अनेक छेद मिळतात.