घरच्या आरओतून समुद्राचं पाणी गोडं होईल का?

वेंगुर्लेकरीण: घर समुद्राला लागून, आणि पाणी टँकरचं! एप्रिल लागला की आमची विहीर मचूळ होते. यंदा तर डाळ शिजत नाही. ओट्यावर आरओ आहे. त्यात सरळ समुद्राचं पाणी घातलं तर? सासूबाई म्हणतात, करून बघ. मशीन बिघडेल का?

आरओ_दुरुस्तीवाला: अजिबात घालू नका. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरगुती मशीन दोनेक ग्रॅमपर्यंतचं. मेंब्रेन, म्हणजे आतला क्षार अडवणारा पडदा, फुकट जाईल.

इंजिनरूम: ताई, बावीस वर्षं जहाजावर काढली, समुद्राचंच पाणी गोडं करून प्यायलो. इंजिन थंड करून आलेलं ८० अंशांचं पाणी नळ्यांतून फिरवायचं. टाकीतली हवा ओढून घेतली की समुद्राचं पाणी ४५-५० अंशांनाच उकळतं. वाफ थंड केली की झालं. दिवसाला वीसेक टन मिळायचं. पण नळ्यांवर चुन्यासारखा पांढरा थर धरतो, तो अ‍ॅसिडने काढताना हात भरून यायचे. लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून हवा ओढण्याचीच युक्ती आहे. तिथे वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलचं गार पाणी ओढतात. दिवसाला लाख लिटर निघावं असा तो प्लांट.

आरओनेही होतं, पण समुद्राच्या पाण्याला मेंब्रेनपार ढकलायला २७ बारच्या वर दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). मोठ्या प्लांटात ५५ ते ७० ठेवतात. ओट्यावरचा पंप पाच-सहाचा.

मला काळजी तुमच्या विहिरीची वाटते. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी फूटभर उतरली, की हिशेबाने खालचं खारं चाळीस फूट वर सरकतं. पंप किती वेळ चालतो? टीडीएस मीटर घ्या, लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार ते तो दाखवतो; पंपाच्या आधी आणि नंतर मोजा.

वेंगुर्लेकरीण: मोजलं! पहाटे १३५०. माडांना दोन तास पाणी सोडल्यावर २६००.

इंजिनरूम: मग पिण्याचं पाणी पहाटेच काढा, पोहऱ्याने, वरच्यावर. तेच आरओत घाला. माडांना सलग दोन तास नको, अर्धा तास पंप आणि मग विहिरीला विसावा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप, तळाशी असेल तर वर घ्या. आणि जूनच्या आत पन्हाळीचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय करा, पहिल्या दोन सरी मात्र बाहेर जाऊ द्या. जुलैत पुन्हा मोजून इथे आकडा टाका, मी वाट बघतो.