घरातले जुने शिवणाचे मशीन आता कुठे आहे?

टीपवाली:
गेल्या रविवारी सदाशिव पेठेत, पाडायला काढलेल्या एका वाड्यासमोर भंगाराचा टेम्पो उभा होता. खिडक्यांच्या चौकटी आणि जुने पाट यांच्या ढिगात एका पायमशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा उलटा पडला होता. लहानपणी आई शिवत नसली की मी अशाच सांगाड्याच्या पायट्यावर बसून झोके घेत असे. त्यामुळे चाक उलटे फिरून बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता होई आणि संध्याकाळी मला धपाटा मिळे. ते सगळे त्या सांगाड्याकडे पाहताना एकदम आठवले. वरचे मशीन कुठे आहे, असे विचारल्यावर टेम्पोवाल्याने सांगितले की ते आदल्या दिवशीच वजनावर गेले, सांगाड्याला मात्र हॉटेलवाल्यांकडून चांगला भाव येतो.

मी व्यवसायाने शिवणकाम करत नाही. भाच्यांचे फ्रॉक, उशांचे अभ्रे आणि गोधड्या एवढीच माझी मजल, तरी घरात सात मशीन आहेत आणि त्यांतले सर्वांत नवेही वयाने माझ्याहून मोठे आहे. पहिले, सिंगरचे ९९के हे हातमशीन, मी जुन्या बाजारातून आणले. चाक जाम असल्यामुळे ते स्वस्तात मिळाले. प्रत्यक्षात बिघाड काहीच नव्हता. कोणीतरी वर्षानुवर्षे खोबरेल तेल घातले होते, ते वाळून डिंकासारखे झाले होते आणि दात्यांच्या खाली तंतूंचा नमदा बसला होता. चार दिवस रोज थोडे थोडे मशीनचे तेल सोडत राहिले आणि पाचव्या दिवशी चाक फिरले. उजवीकडे, चाकाच्या खालच्या बाजूला, क्रमांक उठवलेला होता. त्यापुढच्या ‘वाय’ या अक्षरावरून कळले की हे मशीन दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झाले. नावातला ‘के’ म्हणजे किल्बोवी, हा कारखाना ज्या भागात होता त्याचे नाव. तो कारखाना १९८० साली बंद झाला. त्याचे मशीन माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत अजून अभ्रे शिवते आहे.

आईचे मशीन मात्र माझ्याकडे नाही. घर बदलताना ते विकले, आणि कोणाला विकले हे आता घरात कोणालाच आठवत नाही. तुमच्याकडे कोणते मशीन होते, त्यावर कोण शिवत असे आणि ते आता कुठे आहे, हे कृपया लिहावे. ‘विकून टाकले’ एवढेच लिहिले तरी चालेल.

उसवलेला खिसा:
विकून टाकले.

पलंगाखालचा:
माझ्या पत्नीकडे अकरा मशीन आहेत, त्यामुळे तुमच्या सात या आकड्याने मला मोठा धीर आला. आमच्याकडे प्रत्येक नवे मशीन ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून घरात येते आणि महिन्याभरात तेच उत्तम चालू लागते, मग त्याच्यासाठी सुट्या भागांचे आणखी एक मशीन शोधावे लागते.

शनिवारकर:
आमच्या आजीचे सिंगर पायमशीन १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतल्या घरात बुडाले होते. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता आणि मशीनचे फक्त चाक वर दिसत होते, असे वडील सांगत. लाकडी फळी फुगून तिचे पापुद्रे सुटले, खण पुन्हा कधी सरळ बंद झाले नाहीत. पण आजोबांनी वरचे मशीन स्क्रू न् स्क्रू सोडवून रॉकेलच्या परातीत ठेवले, प्रत्येक भाग कापडाने पुसला, तेल दिले आणि गणपतीच्या आधी आजीने त्यावर टीप मारली. पहिले शिवण म्हणजे चिखलाने वाया गेलेल्या धोतरांतून वाचलेल्या पट्ट्यांची गोधडी. ती गोधडी मी पांघरलेली आहे.

त्या मशीनवर सोनेरी रंगात माणसाचे तोंड आणि सिंहाचे अंग असलेले चित्र होते. तो इजिप्तचा स्फिंक्स आहे हे मला फार उशिरा कळले; आजी त्याला ‘उलटा नरसिंह’ म्हणत असे आणि दसऱ्याला त्याच्या कपाळाला न चुकता कुंकू लावत असे. पुराच्या चिखलाने ते चित्र पुसले गेले नाही, आजीच्या कुंकवाने मात्र कपाळ गेले. मशीन सध्या धाकट्या काकांकडे आहे आणि चालते.

तेलाची कुपी:
शनिवारकर, चित्राचे कपाळ कुंकवाने गेले असे वाटत नाही. बहुधा कुंकू पुसताना दर वर्षी बसलेल्या घासण्याने गेले असावे. निवृत्तीनंतर मी ओळखीच्यांची जुनी मशीन दुरुस्त करून देतो, म्हणून एक विनंती सर्वांनाच करतो. ही सोनेरी चित्रे रंगवलेली नसून चिकटवलेली असतात आणि जुन्या मशीनवर त्यांच्यावरून लाखेचा पारदर्शक थर दिलेला असतो. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. हौसेने स्पिरिटचा बोळा फिरवून नव्वद वर्षांची नक्षी दोन मिनिटांत धुऊन टाकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मशीनचेच तेल मऊ कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसावे आणि कंटाळा आला की थांबावे.

दुसरे असे की ‘मशीन टाके गाळते, टाकून देऊ का’ अशी विचारणा करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मशीनमध्ये सुई उलटी बसवलेली असते. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा, त्या बाजूला ती खाच यायला हवी. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा नेढ्यामागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, तो शटलच्या टोकाने उचलून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवायचा असतो. सुई उलटी असेल तर फास चुकीच्या बाजूला पडतो, टोक मोकळेच फिरते आणि टाका पडत नाही. एवढ्यासाठी चांगली मशीन भंगारात गेलेली आहेत.

अर्धवट टाका:
कुपीकाका, सुई उलटीच होती. नऊ वर्षे ते मशीन टीव्हीखाली ठेवले होते. मनापासून आभार.

लक्ष्मी रोडची लेक:
माझ्या आजीला तिसाव्या वर्षी वैधव्य आले. तिने सेवासदनात शिवण शिकून घेतले आणि हप्त्यांवर मशीन घेतले. हप्त्यांनी विकण्याची ही पद्धत सिंगर कंपनीने अमेरिकेत १८५६ मध्येच सुरू केली होती असे मी पुढे वाचले, तेव्हा आजीच्या खणातले ते पावती-पुस्तक मला वेगळेच दिसू लागले. दर महिन्याची पावती तिने सुईने टोचून एकत्र शिवून ठेवली होती. शेवटच्या पावतीवर तिच्या हातची दोन अक्षरे आहेत, ‘माझे झाले’. त्या मशीनवर तिने शाळांचे गणवेश, बाळंतविडे, परकर-पोलकी आणि अगणित झबली शिवली आणि तीन मुलांची शिक्षणे केली. तिला शिवण ‘आवडत’ होते का, हे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, “मुळीच नाही गं.” मी आज हौसेने त्याच मशीनवर पिशव्या शिवते, तेव्हा मला थोडे ओशाळल्यासारखे होते, पण मशीन विकायची माझी तयारी नाही.

टीपवाली:
ताई, ते पावती-पुस्तक कृपया जपून ठेवा. मशीन पुष्कळ मिळतात, अशी पावती मी एकदाही पाहिलेली नाही.

खादीधारकांचा नातू:
विषय थोडा बाजूचा आहे, तरी सांगतो. आमचे आजोबा कट्टर खादीवाले होते आणि घरात यंत्र आणायचे नाही असा त्यांचा दंडक होता. आजीला मशीन हवे होते. तिने कुठून तरी शोधून काढले की यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई यंत्राला जाहीरपणे अपवाद केला होता, आणि आजोबांची बोलती बंद झाली. त्याच वर्षी जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून आणून गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया ससूनमध्ये झाली होती. चांगल्या टाक्यांचे महत्त्व त्यांना तिथेच पटले असावे, असे आजी शेवटपर्यंत म्हणत असे.

नवे घर:
मला येथे एक कबुली द्यायची आहे. सासूबाईंचे पायमशीन होते. बावधनच्या घरात आम्ही सजावटकाराच्या सल्ल्याने त्याच्या सांगाड्यावर काळा दगड बसवून बेसिन केले. वरचे मशीन आणि फळी भंगारात दिली. आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने बेसिनचे कौतुक केले आहे, पण हा धागा वाचल्यापासून मला तिथे तोंड धुवायला संकोच वाटतो. सासूबाईंची तक्रार कधीच नव्हती; फक्त दात घासताना त्या अजून पायटा हलवतात.

उसवलेला खिसा:
शेवटचे वाक्य वाचून मी ऑफिसमध्ये उठून बाहेर जाऊन आलो. माझ्या ‘विकून टाकले’मध्येही पुष्कळ काही होते, पण ते आज लिहिणे जमणार नाही.

मेरिटवाली:
आमच्याकडे ‘मेरिट’ होते. सिंगर कंपनीच्या संस्थापकाचे नाव आयझॅक मेरिट सिंगर होते हे कळेपर्यंत मी समजत होते की दहावीच्या गुणवत्ता यादीशी त्या मशीनचा काहीतरी संबंध आहे आणि म्हणूनच आई मला त्याच्याजवळ बसून अभ्यास करायला लावते.

कोथरूडची काकू:
माझी अडचण नेमकी उलटी आहे. सिंगरचे १५के, उत्तम चालणारे, फळीसकट माझ्याकडे आहे, पण घर हलवताना सामानवाल्या माणसांच्या हातून सांगाडा जिन्यावरून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. ओतीव लोखंड वाकत नाही, थेट तुटते, आणि ते जोडून देणारा कोणी मला मिळाला नाही. मशीन तीन वर्षे माळ्यावर आहे. नव्या घरसाहेब, तुमच्या सासूबाई शिवतात का अजून?

नवे घर:
घरसाहेब नव्हे, घरबाई. काकू, सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, हाताने गुंड्या लावतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. पण आमचे मशीन सिंगर नव्हते, उषा होते. तुमची फळी आमच्या सांगाड्यावर बसेल का?

तेलाची कुपी:
बसायला हरकत नसावी. उषाचे ते काळे मशीन सिंगरच्या १५ च्या धाटणीचेच असते आणि दोन्हींचा पाया सुमारे साडेचौदा इंच लांब व सात इंच रुंद असतो. ९९के किंवा २८के असते तर ते पाऊण मापाचे असल्यामुळे अडचण आली असती. फळीच्या खालच्या चार स्क्रूंची भोके जुळली नाहीत तर नवी पाडता येतील. मुख्य म्हणजे फळीतली पट्ट्याची दोन भोके खालच्या मोठ्या चाकाच्या सरळ वर यायला हवीत. ते जुळले की बाकी सगळे जुळते. काकू, उद्या टेप लावून मापे येथे लिहा.

कोथरूडची काकू:
पाया साडेचौदा बाय सात, अगदी बरोबर. फळी सासूबाईंसाठी पुसून ठेवली आहे. मला पैसे नकोत. मात्र वर्षातून एक गोधडी शिवायला मी तिकडे येईन, हे आत्ताच सांगून ठेवते.

नवे घर:
सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “बेसिन काय, कुठेही बसतं.” शनिवारी नळकाम करणाऱ्यांना बोलावले आहे. आणि मशीनचा चामडी पट्टा त्यांनी भंगारात जाऊच दिला नव्हता. तो त्यांच्या ट्रंकेत शालूच्या घडीत निघाला.

तेलाची कुपी:
तो पट्टा त्यांच्यापाशीच राहू द्यावा, इतक्या वर्षांनी वाळून तो पहिल्या फेऱ्यातच तुटेल. रविवार पेठेतून नवा आणा, आणि कापताना मापापेक्षा थोडा आखूड कापा, कारण चामडे आठवड्याभरात सैल पडते.