पारंपरिक संगीताला स्पर्धेची गरज आहे का? आयर्लंडमधील मिलटाउन मालबेच्या निमित्ताने

सांजतारा (धागालेखक)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, मिलटाउन मालबे हे हजाराच्या आसपास वस्तीचे गाव आहे. इलन पाईप्स, म्हणजे कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायची आयरिश मशकबीन, वाजवणारे विली क्लॅन्सी हे याच गावचे. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या स्नेह्यांनी त्यांच्या नावाने एक संगीतशाळा भरवली. करोनाच्या दोन वर्षांचा अपवाद वगळता ती आजही दर जुलैच्या सुरुवातीला भरते. सकाळी गावातल्या शाळांमध्ये आणि जागा अपुरी पडली की लोकांच्या घरांतही फिडल (व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी), पाईप्स व सेट नृत्याचे (जोड्याजोड्यांनी करायच्या समूहनृत्याचे) वर्ग चालतात, दुपारी व्याख्याने आणि वादन होते, तर रात्री पबमधील बैठका उजाडेपर्यंत लांबतात. हजाराहून अधिक विद्यार्थी येतात, पण परीक्षा, पदक किंवा पहिला क्रमांक असा प्रकार येथे नाही.

दुसरीकडे ‘कोल्तस’ ही संगीतकारांची संघटना १९५१ पासून ‘फ्ला’ हा राष्ट्रीय महोत्सव भरवते. त्याच्या गाभ्याशी स्पर्धा आहेत. वयोगटानुसार आधी परगण्याची, मग प्रांताची आणि शेवटी अखिल आयर्लंडची फेरी असते. यजमानपद मिळवण्यासाठी शहरांमध्ये चढाओढ चालते आणि त्या आठवड्यात तेथे लाखो माणसे लोटतात.

माझे म्हणणे असे की स्पर्धेने या संगीताचे हितापेक्षा अहितच अधिक केले आहे. परीक्षकाला तुलना करावी लागते आणि तुलना करता येते ती वेगाची, अलंकरणाच्या सफाईची आणि चुकांच्या संख्येची. तीच रील (जलद नृत्याची धून) तिसऱ्यांदा वाजवताना वादकाने एखादा स्वर जरा जास्त रेंगाळत ठेवला, तर त्याला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे? पश्चिम क्लेअरचे वादन पूर्व क्लेअरहून निराळे आहे, डोनेगलचे तर पूर्णच वेगळे आहे. परंतु महिनोन्महिने दोन धून घोटून स्पर्धेत उतरणारी मुले कोणत्याही परगण्याची असली तरी एकसारखी वाजवू लागतात. या कलेवर जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्याचा मोठा वाटा मिलटाउनसारख्या गावांतील वर्गांकडे वळवावा आणि स्पर्धा हळूहळू बंद कराव्यात, असे मला वाटते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

पाणवठा

विरोधी मत मांडतो, आणि सुरुवात आपण ज्यांचे नाव घेतलेत त्यांच्यापासूनच करतो. विली क्लॅन्सी यांनी १९४७ मध्ये ‘इराख्तस’ या गेलिक भाषा-संस्कृतीच्या महोत्सवात पाईप्सवादनाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले होते. स्पर्धेने वादकाची शैली मारली जाते हे खरे मानायचे, तर मिलटाउनच्या शाळेला नाव कोणाचे द्यायचे, हा प्रश्न उरतो.

आता १९५१ ची परिस्थिती लक्षात घ्या. ग्रामीण आयर्लंडमधून तरुण माणसे बोटी भरभरून इंग्लंड-अमेरिकेला चालली होती. त्या दशकात क्लॅन्सी स्वतःही लंडनला सुतारकाम करायला गेले आणि १९५७ मध्ये वडील वारल्यावर गावी परतले. फिडल वाजवणे हे मागासलेपणाचे लक्षण समजले जात होते. अशा काळात मुल्लिंगर या शहरात पहिला फ्ला भरला आणि आपापल्या खेड्यात एकट्याने वाजवणाऱ्या वादकांना आपल्यासारखे इतरही आहेत हे प्रथमच दिसले. त्यांना घराबाहेर काढायला काही निमित्त हवे होते, आणि ते स्पर्धेने दिले.

क्लेअरचेच उदाहरण घ्या. नृत्यासाठी एकत्र वाजवणाऱ्या ताफ्याला तेथे केली बँड म्हणतात. किलफेनोरा या खेड्याच्या बँडने १९५४, १९५५ आणि १९५६ अशी सलग तीन वर्षे अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकले; १९५७ मध्ये ते पूर्व क्लेअरमधील टुलाच्या बँडने हिसकावून घेतले. यातला १९५६ चा फ्ला तर क्लेअरमध्येच, एनिसला झाला होता. त्या चुरशीने सगळा परगणा दोन तटांत विभागला गेला होता आणि दोन्ही तटांतल्या पोरांना वाद्य हातात घ्यावेसे वाटले. मुख्य म्हणजे इतकी वर्षे स्पर्धा करूनही टुलाचे वादन टुलाचेच आणि किलफेनोराचे किलफेनोराचेच राहिले. एकसारखेपणाचा आपला सिद्धान्त येथे टिकत नाही.

उंबरठा

पाणवठा यांनी इतिहास १९५१ पासून सुरू केला आहे. तो १९३५ पासून करायला हवा. त्या वर्षी आयरिश सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला आणि जाहीर नृत्यासाठी परवाना बंधनकारक झाला. कायद्याच्या मजकुरात खासगी घरांचा उल्लेख नव्हता. पण गावचे पाद्री आणि गार्डा (आयरिश पोलीस) यांनी तो घरगुती नृत्यांवरही बेधडक चालवला, कारण मुलामुलींनी रात्री कोणाच्या देखरेखीशिवाय एकत्र नाचावे हे चर्चला मान्य नव्हते. मिलटाउनजवळच्या मुल्लाघ गावचे फिडलवादक ज्युनियर क्रीहन (१९०८-१९९८) सांगत असत की खेड्यातले घर ही करमणुकीची जागा तर होतीच, पण एका पिढीकडून दुसरीकडे संगीत, कथा आणि नृत्य जाण्याची तीच शाळा होती. कायद्याने ती शाळा बंद पाडली.

म्हणून माझा आक्षेप सांजतारा यांच्यापेक्षा थोडा वेगळा आहे. परीक्षक चांगले की वाईट याच्याशी मला कर्तव्य नाही. घरातल्या चुलीपुढे वाजणारे संगीत नाचणाऱ्यांसाठी होते आणि त्याचा वेग त्यांचे पाय ठरवत. ते व्यासपीठावर गेले तेव्हा नाचणारे गेले आणि समोर खुर्चीत बसलेला परीक्षक आला. मिलटाउनने ही फारकत बऱ्याच अंशी मिटवली. तेथे सेट नृत्याचे वर्ग वाद्यांच्या वर्गांइतकेच गजबजलेले असतात आणि सकाळी कॉन्सर्टिना शिकणारी व्यक्ती रात्री त्याच तालावर पाय आपटताना दिसते. गंमत अशी की हेच सेट नृत्य फ्रेंच काद्रीलपासून आलेले, म्हणून परकीय, असे ठरवून गेलिक लीग या आयरिश भाषा-संस्कृतीच्या संघटनेतील शुद्धतावाद्यांनी दीर्घकाळ बाजूला टाकले होते. अधिकृत ‘परंपरे’ची यादी बनवणाऱ्यांच्या हाती सगळा कारभार दिला की असेच व्हायचे.

लिमरिककर

मी अनेक वर्षे आयर्लंडमध्ये राहतो आणि माझी मुलगी आमच्या भागातील कोल्तसच्या शाखेत टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) शिकते. वरील चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, परंतु त्यात एक साधी गोष्ट सुटते आहे. मिलटाउनची शाळा वर्षातून एकदा, काही दिवस भरते. उरलेल्या वर्षभर मुलांनी शिकायचे कोठे? जगभरात कोल्तसच्या चारशेहून अधिक शाखा आहेत आणि दर आठवड्याला, पावसापाण्यात, एखाद्या शाळेच्या थंड वर्गात माफक शुल्क घेऊन शिकवण्याचे काम त्या करतात. घरात या संगीताचा गंधही नसलेल्या आमच्यासारख्या परदेशी कुटुंबाला ही एकच वाट खुली होती. क्लेअरच्या शेतकऱ्याच्या नातवाला आजोबा शिकवतील. आम्हांला कोण शिकवणार?

स्पर्धेबद्दल सांगायचे तर माझ्या मुलीला एकटीने वाजवण्याच्या स्पर्धेत रस नाही, पण दहा-बारा मुलांच्या समूहवादनासाठी ती वसंत ऋतूतली प्रत्येक शनिवारची सकाळ आनंदाने घालवते. परगण्याच्या फेरीत त्यांचा निभाव लागला नाही, तरीही सराव थांबला नाही. शिवाय फ्लाला जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक स्पर्धेच्या सभागृहात पाऊलही टाकत नाहीत. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या दारात, हॉटेलच्या जिन्यात जे वाजते ते ऐकायला आणि त्यात सामील व्हायला ते येतात. स्पर्धा काढून घेतली तर हा मेळा कशाभोवती उभा राहणार, हे धागालेखकाने सांगावे.

सांजतारा

सांगतो. इलन पाईप्सभोवती जे उभे राहिले, तसे काहीतरी.

हे वाद्य शिकायला अवघड आणि बनवायला त्याहून अवघड आहे. मुख्य नळी, सतत सूर देणाऱ्या नळ्या आणि मनगटाने दाबायच्या पट्ट्यांच्या नळ्या, अशी त्याची रचना असते. शिवाय त्यातल्या पत्त्या, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणारी पातळ पाती, हवेतल्या ओलाव्यागणिक रुसतात. १९६८ मध्ये ब्रेन्डान ब्राह्नाख यांच्या पुढाकाराने ‘ना पीबरी इलन’ ही पाईप्सवादकांची संस्था स्थापन झाली, तेव्हा वादक शंभरही उरले नव्हते. या संस्थेने चढाओढीचा मार्ग धरला नाही. तिने वर्ग घेतले, जुनी ध्वनिमुद्रणे जपली, पत्त्या करायला आणि वाद्ये घडवायला माणसे तयार केली. मिलटाउनच्या शाळेतही पत्त्या करण्याचे वर्ग होतात. आज हे वाद्य जगभर वाजते आणि २०१७ मध्ये युनेस्कोने इलन पाईप्सवादनाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत नोंद केली. मरणपंथाला लागलेली कला एकही करंडक न वाटता उभी राहू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

क्लॅन्सींच्या १९४७ च्या बक्षिसाचे म्हणाल, तर ते त्या बक्षिसामुळे घडले नाहीत. त्यांचे वडील गिल्बर्ट बासरी व कॉन्सर्टिना वाजवत आणि त्यांच्या कानांत गॅरेट बॅरी या अंध पाईप्सवादकाचे सूर होते. १९३६ मध्ये मिलटाउनच्या शर्यतींच्या वेळी विलींनी जॉनी डोरन या फिरस्त्या जमातीच्या वादकाला ऐकले आणि त्यांचे आयुष्य बदलले. डोरन गाडी घेऊन गावोगाव, जत्रांतून हिंडत. त्यांच्या वादनाला गुण द्यायला कोणी बसले नव्हते.

पाणवठा

पाईप्सचा पुरावा अर्धाच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्लँक्स्टी या लोकसंगीताच्या गटातून लिअम ओफ्लिन यांचे पाईप्स डेनिम घालणाऱ्या पिढीच्या कानांवर पडले, हे ना पीबरी इलनच्या कार्याइतकेच महत्त्वाचे होते. हजारो लोकांना वाद्य घ्यावेसे वाटले ते रंगमंचावरच्या आणि तबकडीवरच्या झगमगाटामुळे. म्हणजे कलेला केवळ वर्ग पुरत नाही, प्रसिद्धीही लागते. आणि छोट्या गावातल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलीला ती प्रसिद्धी मिळवून देणारे फ्लासारखे दुसरे साधन मला दिसत नाही.

उंबरठा यांना एवढेच सांगेन की कोल्तस आणि घरगुती परंपरा अशी सरळ विभागणी क्लेअरमध्ये कधीच नव्हती. किलरशला पब चालवणाऱ्या आणि उत्तम कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी १९५४ पासून १९६० मध्ये मृत्यू होईपर्यंत कोल्तसच्या क्लेअर शाखेच्या अध्यक्ष होत्या. चुलीपुढे वाजवणारी माणसेच ही संघटना चालवत होती.

उंबरठा

क्रॉटीबाईंचा दाखला मान्य आहे, पण त्यांचे नाव देशभर झाले ते रेडिओमुळे. १९५० च्या दशकाच्या मध्यास रेडिओ एअरन या आयरिश नभोवाणीचे किअरान मॅक माहूना ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन क्लेअरमध्ये हिंडले आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत जसे वाजत होते तसे त्यांनी टिपले. त्यांना विजेता निवडायचा नव्हता, म्हणून एकाच गावचे चार फिडलवादक चार तऱ्हेने वाजवत असतील तर ते चारही त्यांनी ऐकवले. सांजतारा यांचा पैसा वळवण्याचा प्रस्ताव मला घाईचा वाटतो. मात्र स्पर्धांत प्रांतिक शैलीला स्वतंत्र स्थान मिळेपर्यंत पाणवठा यांचा आशावादही पटत नाही.

खारा वारा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी मिलटाउनच्या शाळेला विद्यार्थी म्हणून जाऊन आलो आहे आणि मला दोन्ही पक्ष एका अडचणीला बगल देताना दिसतात. त्या आठवड्यात गावात खोली मिळणे कर्मकठीण असते, आणि उरलेल्या वर्षातही तेथे कोण राहू शकते हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. शेजारच्या स्पॅनिश पॉइंट व लाहिंच या किनाऱ्यांवर सुट्टीच्या घरांची रांग लागली आहे. हिवाळ्यात त्यांतल्या कितीतरी घरांत दिवा दिसत नाही. ज्या तरुण वादकाला येथे घर घेणे परवडत नाही, तो जुलैत शिकवायला येतो आणि नंतर डब्लिनला किंवा परदेशी नोकरीवर परततो. म्हणजे १९५० च्या दशकातले स्थलांतर वेगळ्या रूपाने चालूच आहे.

फ्ला भरवणाऱ्या शहराचे आठवड्याभराचे उत्पन्न वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येते, पण त्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये त्याच शहरातल्या पबमध्ये मंगळवारी रात्री किती जण वाजवायला बसतात, हे कोणी मोजत नाही. धागालेखकाला सार्वजनिक पैसा वळवायचाच असेल, तर तो आणखी एका उन्हाळी उपक्रमाकडे न वळवता पश्चिम क्लेअरमध्ये वर्षभर राहून शिकवणाऱ्या वादकांच्या मानधनावर आणि परवडणाऱ्या भाड्याच्या घरांवर खर्च व्हावा. यावर पाणवठा यांचे मत वाचायला आवडेल.

पाणवठा

मानधनाला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि ते कोल्तसच्या शाखांमार्फतच द्यावे, कारण गावोगाव पोहोचलेली यंत्रणा तिच्याकडेच आहे. भाड्याच्या घरांचा प्रश्न मात्र संगीताच्या निधीतून सुटणार नाही. तो क्लेअरच्या परगणा परिषदेच्या दारात नेऊन ठेवावा लागेल. आणि तेथे भांडायला जाताना आपल्यासोबत किलफेनोरा व टुला या दोन्हींचे समर्थक असलेले बरे.