हार्ड डिस्क गेली, फायली परत मिळाल्या का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गंगापूर रोड

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१२ मध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावी, पडवीत बसून, एकूण ४१ फायली. आजी पुढच्याच वर्षी गेली. सगळं १ टीबीच्या एका पोर्टेबल डिस्कवर होतं, दुसरी कॉपी कुठेच नाही. या मार्चमध्ये ती डिस्क चालू असतानाच टेबलावरून पडली. पुन्हा जोडली तर विंडोज म्हणे, वापरण्याआधी फॉरमॅट करा.

मी नाही म्हटलं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पिवळं ‘कॉशन’ (सावधान) दिसत होतं, वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, बरेच होते. डिस्कचा आवाज मात्र नेहमीसारखा, म्हणून घरीच प्रयत्न करायचं ठरवलं. अशी डिस्क वाचता वाचता आणखी बिघडते. तेव्हा आधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची आणि शोधाशोध त्या प्रतीवर करायची. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू केलं, २ टीबीची नवी डिस्क आणली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर लावलं. हे सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतं. कुठवर काम झालं ते मॅपफाइलमध्ये लिहीत जातं. ती मॅपफाइल मी नव्या डिस्कवरच ठेवली होती. रात्री दोनला लाइट गेली, माझ्या पोटात गोळा आला. सकाळी तीच कमांड पुन्हा दिली, तर थांबलं होतं तिथून काम पुढे सुरू!

दोन दिवस लागले. मग प्रतीवर टेस्टडिस्क हे हरवलेले भाग शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा फायली असलेला विभाग) सापडलं, ‘पी’ दाबलं आणि फोल्डरांची यादी उघडली. त्यात ‘आजी ओव्या’. ४१ पैकी ३८ पूर्ण वाजतात. एकीत आवाज मधेच तुटतो, पण त्याआधी आजी जातं थांबवून विचारते, “चालू हाय का रं ते?”

तुमचं काय झालं? फुकटच्या सॉफ्टवेअरने जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा.

पंचवटी, फोटोग्राफर

दादा, वाचून गलबलून आलं. माझी डिस्क धडधाकट होती, चूक माझ्या हातून झाली. दोन सारख्या डिस्क जोडलेल्या होत्या आणि क्विक फॉरमॅट झाली ती २०१५ च्या सिंहस्थाची. रामकुंडावरची तिन्ही शाही स्नानं त्यात होती. लगेच वायर काढली, त्यावर काहीही लिहू दिलं नाही. क्विक फॉरमॅटमध्ये फायली कुठे आहेत ती यादी नवी होते, जुना मजकूर वरून काही लिहिलं जाईपर्यंत जागेवरच असतो.

फोटोरेक हे फायली परत काढणारं सॉफ्टवेअर वापरलं. टेस्टडिस्क घेतलं की ते सोबतच येतं. ते यादी बघतच नाही, फाइल ज्या ठरावीक बाइट्सने सुरू होते त्यावरून जेपेग, सीआर२ (कॅनन कॅमेऱ्याची मूळ फाइल) असे फोटोंचे प्रकार ओळखतं. म्हणून नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हाती आले हजारो फोटो, नावाच्या जागी ‘एफ’ आणि पुढे आकडे. त्यातच टी ने सुरू होणारे चिमुकले थंबनेल. मग एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फोटोत नोंदलेल्या तारखेवरून नावं दिली आणि २९ ऑगस्टचे सगळे एका रांगेत आले. एक मात्र सांगते, सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर ठेवायच्या नाहीत. फोटोरेक जागा विचारतं तेव्हा दुसरीच डिस्क द्या.

अंबड, छोटा कारखाना

आमच्याकडे ड्रॉइंगची डिस्क अडकायला लागली, तेव्हा बोलावलेल्या माणसाने पहिल्यांदा विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवलं. ते डिस्कवरच दुरुस्ती लिहितं, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवू नये. मागे उरलं फाउंड.००० नावाचं फोल्डर आणि नावं गेलेल्या सीएचके फायली, म्हणजे चेकडिस्कने वाचवलेले तुकडे. नवीन डाय (साचे) बनवायच्या त्या आठवड्यात जुन्या छापील ड्रॉइंगवरून मापं पुन्हा काढली. मला तेव्हा प्रत काढण्याचं कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

नाशिकरोड

एसएसडीवाल्यांनी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) ध्यानात घ्या. रिसायकल बिन रिकामी केल्यावर पुसलेल्या फायली शोधणाऱ्या रिकुव्हाने नावं दाखवली, फायली उघडल्या तर आत नुसते शून्य. ट्रिम या सोयीमुळे एसएसडी पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते. तिथे जुना बॅकअपच कामी येतो.

सिडको

माझ्या डिस्कमधून टक टक असा आवाज येत होता. बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते, म्हणून हात थांबेना. दोन दिवस एकामागून एक सॉफ्टवेअर लावत राहिले. नंतर पुण्याच्या एका लॅबमध्ये उघडून पाहिलं, तर चकतीवर गोल ओरखडे पडले होते. तो आवाज म्हणजे वाचणाऱ्या हेडचा बिघाड, तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. पहिल्या टकटकीलाच बंद केली असती तर काही तरी हाती लागलं असतं, असं ते म्हणाले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

पुन्हा गंगापूर रोड

ताई, नातेवाइकांच्या फोनमध्ये, व्हॉट्सअॅपच्या जुन्या गटांत शोधलंत का? आम्हाला आजीचे पाच-सहा फोटो तसे मिळाले. आणि नाशिकमधल्या कुणाला प्रत काढायची असेल तर माझी २ टीबीची डिस्क पुढच्या रविवारपासून रिकामी आहे, लिनक्सचा पेनड्राइव्हही तयार आहे. निरोप टाका, घेऊन येतो.