सिग्नलला गाडी तापते, पळायला लागली की थंड. हेड उतरवायचं का? (२०१० पेट्रोल, १,७४,००० किमी)

भांडुपकर:

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची, चार सिलिंडर, पेट्रोल. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "ती गाडीच तसली" सुरू होतं आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

रोजचा रस्ता भांडुप ते अंधेरीचं सीप्झ, म्हणजे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). ज्यांचं रोजचं जाणं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. महिनाभरापासून असं होतंय की आयआयटीच्या गेटपासून पुढे रांग लागली, की दहाएक मिनिटांत एसी कोमट हवा फेकायला लागतो आणि मग तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊण भागावर चढतो. एसी बंद करून काचा खाली करतो, घाम पुसतो. पुढे रस्ता मोकळा मिळाला की काटा आपोआप खाली. रविवारी ईस्टर्न एक्सप्रेसवरून ठाण्याला जाऊन आलो, काटा जागचा हलला नाही.

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाटलीतली पातळी तीन आठवड्यांत बोटभर उतरली. खाली कुठे ओल दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ.

पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. "मुंबईत कशाला लागतो साहेब, तो थंडीच्या मुलखात." फरक शून्य, उलट ॲव्हरेज पडलं. दुसऱ्याने बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवायचं, बावीस हजार. गाडी तीन दिवस ठेवून जा.

बावीस हजार घालायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पान्ह्यांचा सेट आहे, हौस आहे. अनुभव बेताचा. जाणकारांनी कृपया सांगावं.

उगाच आपला:

भंगारात द्या. १५ वर्षं झाली की आरटीओ तशीही चालवू देत नाही.

भांडुपकर:

तसा नियम दिल्लीत आला होता हो. आपल्याकडे १५ वर्षांनी आरसीचं (नोंदणीचं) नूतनीकरण होतं. मी वडाळ्याला जाऊन गाडी पास करून घेतली, ५,००० फी भरली, वर ग्रीन टॅक्स. पाच वर्षांची निश्चिंती आहे. म्हणूनच तर हा खटाटोप!

बारातेराचा पाना:

भांडुपकर, हेडला हात लावू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमचं वर्णन पुन्हा एकदा वाचा. उभी असताना तापते, पळताना थंड. गाडी पळते तेव्हा रेडिएटरला समोरचा वारा मिळतो, उभी असते तेव्हा तो वारा फॅनने द्यायचा असतो. गॅस्केट गेलेली गाडी साधारणपणे उलटं वागते, हायवेवर लोड आला की जास्त तापते. आणि काट्याच्या आधी एसी कोमट होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. लहान गाड्यांत बहुधा एकच फॅन रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) दोघांनाही वारा घालतो. तो बंद पडला की एसीच्या गॅसचं प्रेशर वाढतं आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. माझा संशय पूर्ण फॅनवर.

इंजिन गार असताना सकाळी सुरू करा, एसी लावा, बोनेट उघडून फॅनकडे बघा. एसी लावल्यावर मिनिटभरात फॅन फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज. मग रिले (फॅनला करंट जोडणारा छोटा स्विच): हॉर्नचा रिले त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटातली चाचणी आहे. त्यानंतर फॅनचा कनेक्टर काढून त्यात मल्टिमीटर लावा. एसी चालू असताना १२ व्होल्टच्या आसपास येत असतील आणि तरी फॅन ढिम्म, तर आजार मोटरमध्ये. व्होल्ट येतच नसतील तर वायरिंग, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) किंवा सेन्सर. आपल्या खाऱ्या हवेत अर्थचा नट इतका गंजतो की वरून काळा दिसतो आणि आतून हिरवा निघतो, तो उघडून घासून बसवा.

हात, ओढणी, टॉवेल, काहीही फॅनजवळ नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरतो. आणि गरम गाडीत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही असू शकतं, झाकण सैल झालं की ते उकळून थेट तोंडावर येतं. माझ्या डाव्या मनगटावर १९९८ सालची खूण आहे.

थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो नसला की इंजिन नीट गरम होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडलं ते त्यामुळेच.

गोरेगाववाली:

पाना दादांशी सहमत. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, फक्त माझ्याकडे दोष दुसरा निघाला. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत इतका कचरा की विचारू नका. चिखल, प्लॅस्टिकची पिशवी, कबुतराची पिसं. आमच्या पार्किंगवर कबुतरखानाच आहे म्हणा ना. टॉर्च लावून बघा. साफ करताना पाइपच्या साध्या धारेने करा, प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या वाकतात.

आणि पातळी उतरते तेव्हा काय ओतता? नळाचं पाणी नका ओतू. आत क्षार बसतात, गंज धरतो. कूलंट आपल्याकडे गोठू नये म्हणून नसतो, गंज लागू नये आणि उकळायला उशीर व्हावा म्हणून असतो.

भांडुपकर:

ताई, पकडलंत. दोन वेळा बिसलरी ओतलंय. 🙈 रविवारी बसतो आणि कळवतो.

भांडुपकर:

रविवारचा वृत्तांत. सकाळी सातला सुरुवात केली, कारण सोसायटीत पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बंदी आहे आणि सेक्रेटरी नऊला फिरून येतात.

एसी लावला. कंप्रेसरचा 'टक' आवाज आला, फॅन जागचा हलला नाही. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले टाकून पाहिला, तरी नाही (हॉर्न मात्र फॅनच्या रिलेवर वाजला, म्हणजे रिले ठीक). कनेक्टर काढायला पाऊण तास गेला, प्लॅस्टिकचा खटका वाळून कडक झालेला, तुटलाच शेवटी. मल्टिमीटरवर १२.६. म्हणजे करंट दारापर्यंत येतोय, मोटर घेत नाहीये.

कनेक्टर परत लावला. मग वडिलांचं आठवलं, ते टेबलफॅनला चापट मारायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, पात्यांपासून दूर राहून मोटरच्या पाठीवर मुठीने दोनदा ठोकलं. घर्र करून फिरायला लागला! गाडी बंद करून परत चालू केली, परत ठप्प. पुन्हा ठोकला, पुन्हा फिरला. वॉचमन म्हणाला, "साहेब, देव आला का?"

आता पुढे?

बारातेराचा पाना:

कार्बन संपले. मोटरच्या आत दोन कार्बन असतात, घासून इतके आखूड झालेत की फिरत्या भागाला टेकत नाहीत. ठोकलं की क्षणभर टेकतात. नुसते कार्बन बदलून मिळतात, पण या वयाच्या मोटरचे बुशही गेलेले असतात. मी असतो तर अख्खी मोटर बदलली असती. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुनी मिळेल, पण जुनी घेणं म्हणजे दुसऱ्याचे संपत आलेले कार्बन घेणं. नवी घ्या, पात्यांची दिशा आणि कनेक्टर जुन्याशी ताडून.

तोवर अडकलात तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. मे महिन्यात शिक्षा आहे, पण इंजिन वाचतं. काटा लालकडे गेला तर मात्र बाजूला घेऊन बंदच करा.

पातळी उतरते त्याचं पण बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा, थेंब कुठे पडतो ते सकाळी कळेल. काहीच पडलं नाही तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासा. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट बाटलीत येऊन वाफेने उडतो. नवं घेताना त्यावरचा दाबाचा आकडा बघा, ०.९ किंवा १.१, जुन्यावर असेल तोच.

गोरेगाववाली:

कूलंट बदलणार असाल तर खाली बादली ठेवा, जुना पार्किंगमध्ये सोडू नका. चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आमच्याकडे झालंय.

भांडुपकर:

शेवटचा अपडेट, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको.

नवी मोटर २,४०० ला मिळाली. चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला, तेल सोडून रात्रभर ठेवला तेव्हा निघाला. ब्लूटूथवाला स्कॅनर मित्राकडून आणला. २०१० च्या सगळ्याच गाड्या त्याला दाद देत नाहीत, माझ्या गाडीने दिली. ९६ ला फॅन चालू, ९१ ला बंद. काटा तेवढ्यात तसूभर हलत नाही, म्हणजे काटा पाऊण भागावर जायचा तेव्हा खरं तापमान किती असेल या विचाराने पोटात गोळा आला.

बुधवारी जेव्हीएलआरला चाळीस मिनिटं अडकलो. एसी गार, काटा अर्ध्यावर.

पुठ्ठा तिन्ही दिवस कोरडा. झाकणाचं रबर नखाने दाबलं तर तुकडा पडला. नवं झाकण टाकलं, कूलंट पूर्ण बदलला (बादलीत, ताई), दोन आठवडे झाले, पातळी जिथल्या तिथे.

राहिला थर्मोस्टॅट. पहिल्या मेकॅनिककडे काढलेला परत मागायला गेलो. "तो कवाच भंगारात गेला, शेठ." नवा आणलाय, शनिवारी बसवतो.